आईच्या अंगावरची नक्षी

जावा बेटावरच्या पेकालोंगान शहरात, सरकारी दवाखान्यात माझ्या पुढच्या बाकावर दोन बायका बसल्या होत्या.

"तुमिनी, आई गेल्यापासून तू बाटिकला हात लावला नाहीस म्हणे?"

"लावून काय करू ताई? आपण महिनाभर मेणानं नक्षी काढायची आणि कारखान्यानं ती आठवड्यात छापायची!"

"पण कारखाने आले तेव्हाच तर तुझी आई नवं काढायला लागली. आधी पिढ्यान् पिढ्या तीच फुलं, तेच पक्षी."

"हो, ईर्ष्येनंच काढायची. दर वेळी चोरीला गेलं. शेवटचं कापड तिनं कुणाला दाखवलंच नाही. म्हणाली, मेल्यावर माझ्यावर पांघरा."

"पाहिलं ना मी. काय सुंदर होतं!"

"मयताला आलेल्यांपैकीच कुणीतरी फोटो काढला. चाळिसावा दिवस व्हायच्या आत तेच कापड छापून बाजारात आलं."

"मेल्यांना लाज कशी वाटत नाही!"

"आत्ता फरशी पुसत गेली ना, ती बाई तेच नेसली होती."

"अगं बाई! मग बोलली नाहीस तिला?"

"हाक मारली की. ती हसून वळली. ताई, जन्मभर काढूनसुद्धा आईला स्वतःचं एक कापड नेसायला परवडलं नाही. हिला इतकं शोभत होतं, की मी नुसतं पाणी कुठं मिळेल ते विचारलं."