दादाचा कोट

लाँड्रीच्या रांगेत माझ्यापुढे नणंद-भावजय उभ्या होत्या.

“वहिनी, कोट चर्चला द्यायचाय ना? मग धुवायला कशाला?”

“मळका देऊ?”

“दादा गेल्यावर पास्टरांनी मागितला, तेव्हा तर चक्क नाही म्हणालीस.”

“तेव्हा मनच होत नव्हतं. भिडेखातर दिलेलं येशूला काय कामाचं?”

“आणि आता?”

“काल चर्चच्या पायरीवर एकजण कुडकुडत बसला होता. खांदे अगदी ह्यांच्यासारखे. वाटलं, ह्याला छान बसेल.”

“पण धुतला तर दादाचा वास जाईल गं.”

“माहितेय. सकाळी ऊर भरून घेतला.”

“घाई आहे का, बाई?” लाँड्रीवाल्यानं विचारलं.

“इतके दिवस नव्हती. आता आहे.”