वाजणारा पंखा

...आणि आज तर शर्जीचं वारं, अबू रिसान – समुद्राकडून नुसती वाफ येतेय, सकाळपासून भिंतींना घाम, सदरा पिळला तर पेलाभर पाणी निघेल – हो, म्हणूनच पंखा हवाय ना. पण हा नको. हा आवाज करत नाही? मग नकोच. हसतोस? हस बाबा. सगळं बसरा शांत पंखा मागतं आणि हा म्हातारा खडखडणारा मागतोय. तो कोपऱ्यातला दाखव, जाळी वाकलेला, कुणीतरी जुना टाकून गेलेला. लाव बरं. हां... असा.

चहा नको रे, वेळ नाही. दुपारी सब्रियाला दवाखान्यातून घरी आणायचंय – माझी बायको, दोन वर्षं अंथरुणाला खिळलीय, वाचा गेली, एक हात तेवढा हलतो. आमचा आधीचा पंखा असाच होता. सरकारी वीज गेली की खडखड थांबायची, थांबली की मला जाग यायची, उठायचं, खटका मोहल्ल्याच्या जनरेटरवर टाकायचा, परत आडवं व्हायचं. कित्येक वर्षं असंच. पण भिंतीपलीकडची नजीहा रोज ओरडायची – ‘हाजी, पंखा आहे की पिठाची गिरणी? दुपारचा डोळा लागू देत नाही मेला!’ मला लाज वाटली. म्हणून तुझ्याकडनं तो बॅटरीवाला नेला, वीज गेली तरी फिरत राहणारा. नाही रे, तुझा काय दोष, वस्तू चांगलीच होती. तेच तर झालं ना! मंगळवारी दुपारी वीज गेली, हा आपला फिरतोय, मला पत्ताच नाही – मग खटका कोण टाकणार? बॅटरी संपली. तीही गुपचूप.

किती वेळ गेला? मला काय कळतंय. नजीहा भेंडीच्या कालवणाचं ताट घेऊन आली, दार बडवलं, तेव्हा उठलो. सब्रियाचं अंग तापलेलं, कोरडं ठणठणीत, डोळे वर. डॉक्टर म्हणाला, आणखी जरा उशीर असता तर – जाऊ दे. एक मात्र कुणाला बोललो नाही. माझ्या सदऱ्याचं टोक तिच्या मुठीत होतं. घट्ट. ओढत होती रे ती मला. आणि मी घोरत पडलेलो.

तेव्हापासून डोळा मिटला नाही. तिच्या खाटेशी बसतो, खजुराच्या पात्यांच्या पंख्याने वारा घालतो, मान कलली की दचकतो. दवाखान्यात निदान माणसं आहेत. घरी आम्ही दोघंच. या वयात झोपेची भीती वाटते मला, अबू रिसान – लहान पोराला अंधाराची वाटते ना, तशी.

अरे, ती तेलाची बुधली ठेव खाली! थेंबसुद्धा नको. वाजू दे. काय? नजीहा पुन्हा भांडेल? निघताना दारातच भेटली. मीच खालमानेनं म्हटलं, बाई, वाजणारा आणतोय परत, माफ कर. तर ती ओढणीआड रडायलाच लागली. म्हणाली, ‘वाजणाराच आणा, हाजी. तो थांबला की भिंतीपलीकडून मीही उठेन.’