घासलेल्या पट्टीचा मुहूर्त

...आणि वर मलाच म्हणतात, "बानूबी, तुमच्या जिभेला हाड नाही!" नसू दे! पण त्या पट्टीवर हळद-कुंकू काय माझ्या जिभेनं लावलं होतं?

तुम्हाला सांगते, मी चौथी नापास. पण खडकीच्या एका कारखान्यात बावीस वर्षं विजेची पॅनल जोडलीत. शिकवलं कुणी नाही, चटके बसले तशी शिकले. आता वारज्याला राहते. आमच्या सोसायटीनं मीटरखोलीत नवं पॅनल घेतलं. आत अॅल्युमिनियमच्या जाड पट्ट्या, बसबार म्हणतात, अख्ख्या इमारतीची वीज त्यांच्यावरून जाणार. काम साधं! पट्टी तारेच्या ब्रशनं घासायची, बोट लावायचं नाही, घासल्याबरोबर ग्रीस फासायची, पट्टीवर पट्टी ठेवून बोल्ट मापात आवळायचा. का? तर हवा लागली की तिच्यावर साय धरते. डोळ्याला दिसत नाही, पण वीज तिथं अडते, तापते. दूध निदान गार होईपर्यंत तरी दम धरतं... अॅल्युमिनियम थांबत नाही हो!

थांबली ती आमची कमिटी! सकाळी आठला काँट्रॅक्टरच्या सुपरवायझरनं, श्रीधरनं, पट्ट्या घासून टेबलावर मांडल्या. "आजी, बघा, एकदम मिरर फिनिश!" म्हटलं, तोंड काय बघतोस त्यात, जोड! तेवढ्यात चेअरमन आप्पासाहेब, हातात झेंडू. "अहो बानूबी, आज खंडेनवमी. पूजेशिवाय बोल्ट लागणार नाही. मुहूर्त साडेबाराचा." अहो, करा ना पूजा! कारखान्यात नारळ मीच आणायची, पण जोडून झाल्यावर, पॅनलच्या बंद दारापुढं! इथं? जिथं पट्टीवर पट्टी बसणार नेमकं तिथंच बोटभर हळद-कुंकू, वर अक्षता! "पुसू नकोस रे, अपशकुन होतो!" श्रीधरनं तसेच बोल्ट आवळले, लांब पान्याला दोन माणसं लोंबकळली. "टाइट आहे आजी, चिल!" अरे, जास्त दाबलं की ती पसरते आणि पुढं ढिली पडते! साडेचार तास उघडी... अॅल्युमिनियम थांबत नाही हो!

मी का कोकलत होते माहितीये? चौथ्या मजल्यावर माझी मैत्रीण सोजरबाई. फुप्फुसं गेलेली, नाकात नळी, ऑक्सिजनचं मशीन विजेवर. मी अर्ज दिला, जोड उघडा, पुन्हा घासा. आप्पासाहेब म्हणाले, "आपला अर्ज पुढच्या मीटिंगला घेऊ." मीटिंग थांबते, अर्ज थांबतो, अॅल्युमिनियम थांबत नाही हो!

धनत्रयोदशीच्या संध्याकाळी घरोघरी माळा लागल्या आणि जोड जळाला. मीटरखोलीतून धूर, लिफ्ट बंद, मशीन बंद. सोजरबाईला खुर्चीत बसवून चौघांनी चार मजले उतरवलं. ओठ निळे पडलेले, माझा हात सोडेना, बोलता येईना... आणि खाली आप्पासाहेब काय म्हणावेत? "पूजेत काही राहून गेलं का हो?"

आहे जिवंत. सतरा दिवस दवाखान्यात काढलेत. आज सकाळी डॉक्टरांचा फोन, "संध्याकाळी घरी न्या." मी काठी टेकत मीटरखोलीत गेले. नवं पॅनल आलंय. पट्ट्या नऊपासून घासून ओळीत मांडलेल्या. श्रीधर म्हणतो, "आजी, या वेळी हळद-कुंकू अजिबात नाही! फक्त नगरसेवक येतायत उद्घाटनाला, एक वाजता."

मी तशीच मागं फिरले. वर आले, डॉक्टरांना फोन लावला. म्हटलं, साहेब, तिला ठेवून घ्या... आमचं पॅनल अजून एकदा जळायचंय.