चढावर अडलेली गाडी

नाई मतीनभाई, मी बसत नाई, खुर्ची राहू द्या. चाय बी नको. तुमी आधी बोनेट उघडा, अन् ते टर्बोचं सांगनं बंद करा — जुनं इंजन हाये, दम सरला, टर्बो बसवला का पळंन — हे आमच्या ह्यायले, राखीच्या बाबाले सांगतलं तुमी, मले नका सांगू. ह्या गाडीत दम होता. तुमच्या ह्याच गॅरेजात येऊन गेला तो. हाव, तुमालेच म्हनून राह्यली. मले नवीन काईच टाकायचं नाई. जे जे लावलं ते काढायचं हाये, बस. तेवढ्यानं होते का नाई पाहा.

हे टायर पाहा. ट्रॅक्टरले शोभतीन असे. जुने चांगले बारके टायर होते, चिखलात बरोबर खाली जाऊन जमीन धरत. तुमी ह्यायले म्हनले, दयारामभाऊ, रुंद टाका, गाडी उठून दिसंन. दिसली उठून. पन एवढालं चाक फिरवाले इंजनले किती जोर लागते, हे कोन पाहीन? वरून समोर लोखंडी बंपर, टपावर कॅरिअर, त्याच्यावर चार लाइटा. एवढं वजन घेऊन गाडी चढत नाई म्हनलं तं तुमी काय केलं — पंपाचा स्क्रू फिरवून डिझल वाढवलं. अन् हवा कोन वाढवंन? एअर फिल्टर खोलून पाहा, मातीचं ढेकूळ निंघंन. मंग काय, काळा धूर. राखीचा बाप तो धूर पाहून खूश. पाहा म्हने, कशी ताकद मारून राह्यली. धुरानं गाडी चढते काय?

आमचे मामाजी — माहे सासरे, किसनराव, तुमी ओळखत होते त्यायले — ह्याच गाडीत सोयाबीनचे कट्टे भरून बीबी गावच्या बाजारात नेत. डोळ्यानं दिसनं कमी झालं तवा वावरात मले बसवलं स्टेरिंगवर. राखीचा बाप तवा पुन्याले कंपनीत होता. घरात दुसरं कोन होतं? मामाजी बाजूले बसून सांगत, अन्नपूर्णा, चढावर पाय जड करू नको, गाडीले तिच्या चालीनं चालू दे. मामाजी गेल्यावर बी मीच चालवली. खत आनलं, कडबा आनला, गाभन म्हैस नेली दवाखान्यात. मंग कंपनी बंद पडली अन् हे घरी आले. पहिल्याच दिवशी खिळ्यावरची चाबी खिशात घातली. म्हने, आता बाईमानसानं गाडी चालवाची गरज नाई. — तुमी काऊन खाली पाहून राह्यले? तुमच्या घरची गोष्ट नाई सांगत मी.

तं आइका, त्या दिवशी काय झालं. राखी पहिल्या बाळंतपनाले आली होती माह्याकडे. पोळा होऊन गेला होता, पानी चालू होता, अन् दुपारी तिच्या पोटात कळा सुरू झाल्या. ॲम्बुलन्सवाला म्हने रोडपर्यंत आना, खाली वस्तीवर आमची गाडी उतरत नाई. रोड म्हंजे खिंडीच्या वर. राखीले मागच्या सीटवर निजवलं, तिचं डोकं माह्या मांडीवर. हे चालवाले. अर्ध्या चढावर गाडी अडली. चाकं जाग्यावर गरगर फिरत, हे दाबूनच राह्यले, दाबूनच राह्यले, अन् तो सारा धूर मागून आत, राखीच्या नाकातोंडात. पोरगी खोकलली का वरून कळ येये. अन् ह्यायनं काय करावं? फोन लावला. कोनाले? तुमाले. आठवते ना? तुमी काय म्हनले ते मीनं माह्या कानानं आइकलं — रेस वाढवा, दयारामभाऊ.

मी म्हनलं, उतरा. उतरले नाईत. म्हने, मतीन सांगून राह्यला ना, थांब. राखी आई आई करून राह्यली अन् हे म्हनते थांब. मंग मीनं मागून उतरून दरवाजा उघडला अन् दंडाले धरून खाली ओढलं. वस्तीवरचे चार मानसं गाडी ढकलाले आले होते, त्यायच्यासमोर. बाजूले सर मेल्या, असं म्हनलं. नवऱ्याले. हे सांगाचं नव्हतं मले तुमाले. पन म्हनलं तं म्हनलं.

चिखलात बसून समोरच्या दोन्ही चाकांचे लॉक फिरवले, तवाच त्यायले बी इंजनचा जोर भेटते, टायरची हवा कमी केली. आत येऊन पाहते तं छोटा दांडाच दिसत नाई — फोर बाय फोर, चारी चाकांचा जोर ज्यानं लागते तो. त्याच्यावर तुमी स्पीकरचा डबा बसवलेला. गान्याचा डबा, मतीनभाई. दोन्ही हातानं उपटला तो. हे नख तवाचंच गेलेलं. दांडा मागं ओढला, पहिला गेअर टाकला, अन् पाय जड केला नाई. हळूहळू निंघाली गाडी. बैलावानी निंघाली, वर ॲम्बुलन्सपर्यंत.

पोरगी झाली राखीले, इथंच, मेहकरच्या दवाखान्यात. जन्मली तवा रडलीच नाई ती. डॉक्टरनं उलटी धरली, पाठीवर मारलं, मंग बारीकसा आवाज निंघाला. तवापासून काचेच्या पेटीत होती. आज बाहेर काढली, उद्या घरी सोडतो म्हनले. अन् आजोबा कुठं हायेत? शेगावले जाऊन बसले. मले तोंड दाखवाले जागा नाई ठेवली म्हनते, लोकांसमोर माही इज्जत घेतली म्हनते. इज्जत. माही पोरगी त्या चढावर मरून जाती तं ह्याची इज्जत काय —

फोन वाजून राह्यला तुमचा. घ्या ना. काऊन उलटा ठेवला? ह्यायचं नाव दिसलं मले, वाचता येते. घ्या. बोला.

काय म्हनते? — गाडीले गिऱ्हाईक? — असं. तुमी पाहून देनार होते तं.

पोरीचं विचारलं काय? — नाई?

बरं. सांगा त्यायले, गाडी इकाची नाई. उद्या राखीले अन् तिच्या लेकीले मी घरी नेनार, ह्याच गाडीत, त्याच चढावरून. यायचं असंन तं सकाळी दवाखान्यासमोर उभे राहाजा. अन् डाव्या बाजूनं बसाजा. — नाई, मले नका देऊ फोन. मले नाई बोलाचं. ठेवा तो, अन् पाना घ्या हातात. आधी ते टायर उतरवा.