वरचा पेला

(जालना, १९३४. कुंडलिकेकाठच्या मिशनच्या अनाथघराचं स्वयंपाकघर. सकाळ.)

गोजरबाई : ...ताप उतरला राती, सिस्टरबाई. पातेलं आना, दूध वतते. आमच्या मालकानं चार दिस बराबर आनलं का?

सिस्टर क्लारा : अगदी वेळेवर. पण मापावरचा पेला त्यांनी दिला नाही. तो तुम्हीच देता.

गोजरबाई : त्यांना ठावं न्हाई ते. घ्या, हे माप. आन् हा वरचा पेला.

सिस्टर क्लारा : आमच्या देशातून माणसे कापड पाठवतात, औषधे पाठवतात. दूध मात्र पाच वर्षे तुमच्याच शेळ्यांचे. मी घरी प्रत्येक पत्रात तुमचे नाव लिहिते. सुपात आज काय आणलेत?

गोजरबाई : कोंडा.

सिस्टर क्लारा : कोंबड्यांसाठी?

गोजरबाई : न्हाई. आदी फ्रान्सिसला बोलवा.

सिस्टर क्लारा : फ्रान्सिस काल सकाळच्या गाडीने सिकंदराबादला गेला.

गोजरबाई : दवाखान्यात नेला? काय झालं त्याला?

सिस्टर क्लारा : काही झाले नाही. आनंदाची गोष्ट आहे. रेल्वेत काम करणारे एक ख्रिस्ती जोडपे आहे. त्यांचे एकुलते मूल वारले. त्यांनी त्याला दत्तक घेतले. गोजरबाई, खाली बसा. तुम्हाला अजून अशक्तपणा आहे.

गोजरबाई : कुनाला इचारून दिला?

सिस्टर क्लारा : कोणाला विचारणार? पायरीवर सापडलेले मूल. त्याचे कोणीच नव्हते.

गोजरबाई : मी लिंबाच्या आड हुबी होते. तुमी दार उघडलं, त्याला उचलून छातीशी धरलं, मंगच गेले मी.

सिस्टर क्लारा : तुम्ही?

गोजरबाई : तीन लेकरं माझ्या मांडीवर गेली. हा चौथा झाला तवा सासू म्हनली, याला आपला म्हनू नको. परक्याच्या दारात टाक. पाच वर्सं लेकरा म्हनून हाक मारू नको. मंग सूपभर कोंडा देऊन इकत आन. कोंड्याच्या मोलाच्या लेकराला कुनाची नजर लागत न्हाई. आज पाच वर्सं भरली.

सिस्टर क्लारा : तुम्ही रोज येत होतात. एक शब्द बोलला असतात तर...

गोजरबाई : बोलले आसते तर तो बी गेला आसता. म्हनून पेला वतायचा आन् त्याच्याकडं न बघता जायचं.

सिस्टर क्लारा : तो पेला मी त्यालाच देत होते. सर्वांत लहान होता म्हणून.

गोजरबाई : ठावं हाये. कुंपनाआडून बघायचे.

सिस्टर क्लारा : कागदावर सही मी केली. मीच. मला माफ करा. आजच पत्र लिहिते, सगळे खरे सांगते. आठ दिवसांत तो इथे येईल.

गोजरबाई : जाताना रडला का?

सिस्टर क्लारा : नाही. त्या बाईंचा हात धरून चालत गेला.

गोजरबाई : समदं सांगा, सिस्टरबाई.

सिस्टर क्लारा : गाडीत बसल्यावर तिला आई म्हणाला. तिने शिकवले नव्हते.

गोजरबाई : आई म्हनला.

सिस्टर क्लारा : पत्र लिहू ना?

गोजरबाई : मला काय म्हनायचा तो? दूधवाली मावशी. आता मावशीनं जाऊन त्याला आईच्या कडंवरून वढून आनावं का? माझा जीव तुटून राह्यला, सिस्टरबाई. येक येक दिस मोजला मी. आन् आखरीचे चार दिस तापात पडून राह्यले.

सिस्टर क्लारा : पण त्याची आई तुम्ही आहात.

गोजरबाई : हाये. म्हनूनच सांगते. पत्र लिहा, पर येवढंच लिहा. त्याला म्हशीचं दूध पचत न्हाई, शेळीचंच द्या. आन् त्या बाईला म्हनावं, चारचौघांत त्याला माझा माझा करू नको.

सिस्टर क्लारा : आणि तुमचे नाव?

गोजरबाई : नगा टाकू. कोंडा कोंबड्यांना घाला.

सिस्टर क्लारा : आणि हा वरचा पेला? आज कोणाला देऊ?

गोजरबाई : जे रडत आसंल त्याला.