काशीचं म्हणून काढलेलं तिकीट

अहो, आमच्या वेळी विलायतेला जायचं म्हणजे तिकीटसुद्धा चोरून काढावं लागायचं. आमचा अण्णा डॉक्टरी शिकायला निघाला. पण समुद्र ओलांडणाऱ्याच्या घराला वाळीत टाकायचे, आणि ताईचं लग्न नुकतंच ठरलेलं. म्हणून आमच्या देवराज मोहल्ल्यात सगळ्यांना सांगितलं, अण्णा काशीला चाललाय. मी गुपचूप मुंबईचं तिकीट काढून आणलं. पुढे बोट.

निघायच्या दिवशी शेजारच्या तुळसाक्का फलाटावर हजर! नवरा राजवाड्याच्या घोडदळातला, वर्षापूर्वी वारलेला. अक्कांनी पदराखालून फडकं बांधलेला तांब्या काढला.

"ह्यांच्या अस्थी आहेत रे. काशीची फार इच्छा होती त्यांची, पण तिकडे जाणारं कोणी भेटेचना. गंगेत सोड. बघू तुझं तिकीट?"

अण्णाने दिलं. अक्कांना वाचता येत नव्हतं. त्यांनी ते डोळ्यांना लावलं.

गप्प राहा म्हणून मी अण्णाचा हात दाबला. पण त्याला राहवेना.

"अक्का, हे काशीचं नाही. मी विलायतेला चाललोय."

अक्का तिकिटाकडे बघतच राहिल्या. गार्डाची शिट्टी झाली. मला वाटलं, मोडलं ताईचं लग्न.

मग त्यांनी तिकीट परत केलं आणि तांब्याही अण्णाच्याच हातात दिला.

"अय्यो, गंगा तरी शेवटी समुद्रालाच मिळते ना? सोड तिथेच."

गाडी हलली, तशा माझ्याकडे वळल्या. "आणि गल्लीत कोणी विचारलं, तर गंगेतच सोडल्या म्हणायचं. कळलं?"