राणीची शिंगं

तुम्हाला तर माहीतच आहे, रंकाळ्यावरचं आख्खं आभाळ एका फोटोत धरायचं मी कधीपासून मनात घेतलंय. काल दुकानदाराने अल्ट्रा वाइड लेन्स संध्याकाळपुरती वापरायला दिली. घ्यायची की नाही, ते ठरवायला. डोळा लावला आणि तळ्याचा समुद्र झाला, ढग पार अंगावर आले. मी तरंगतच होतो.

तेवढ्यात शेजारचे सिकंदरचाचा म्हैस घेऊन आले. "आमच्या राणीचा एक काढ की!"

राणीने लेन्स हुंगायला मान खाली घातली, चाचा तिच्या शेपटीपाशी ऐटीत उभे राहिले. फोटोत शिंगं या काठापासून त्या काठापर्यंत पसरली आणि सगळं आभाळ त्यांच्यात मावलं.

"आणि मागं हा बारका माणूस कोण रं?"

"तुम्हीच, चाचा. ही लेन्स जवळचं मोठं करते, लांबचं बारीक. खोटं दाखवणारी वस्तू मी घेणार नाही."

"खोटं व्हय?" चाचा फोटोवरची नजर काढेनात. "आरं, मला ती रोज अशीच दिसती की!"

दुकान बंद व्हायच्या आत मी पैसे भरून आलो.